दगडातली बिऱ्हाडं

पोशा नाखवा समुद्र घेऊन तुळजापुरात उतरला, तेव्हा त्याचं आणि एसटीच्या कंडक्टरचं भांडण सोलापूरपासून चालू होतं. टपावर चढवलेल्या आठ डब्यांत पाणी आहे, एवढं पोशानं कबूल केलं होतं. पण दारूबंदीच्या दिवसांत मुंबईचा माणूस आठ डबे पाणी घेऊन देवीला निघालाय, यावर विश्वास ठेवायला कंडक्टर काही काल नोकरीला लागलेला नव्हता. शेवटी तामलवाडीच्या थांब्यावर त्यानं टपावर चढून एका डब्याचं झाकण उघडलं, ओंजळभर तोंडात घेतलं आणि खाली उभ्या असलेल्या एका पाटलाच्या फेट्यावर थुंकला. पुढचं भांडण त्या दोघांत झालं आणि पोशा सुटला.

वेसाव्याचा हा कोळी दरवर्षी कोजागिरीनंतर भवानीच्या दर्शनाला यायचा आणि तात्या उपाध्यांकडं उतरायचा. दोन होड्यांचा मालक. माणूस साधा आणि साध्या माणसाची एक अडचण असते, त्याला बोललेलं खरं वाटतं. मागच्या वर्षी निरोप घेताना तात्या नुसतं सौजन्य म्हणून बोलून गेले होते, "नाखवा, सगळं झालं बघा आयुष्यात, एक समुद्र बघायचा राहिला." असं ते बिदरच्या यजमानाला बिदरचा किल्ला बघायचा राहिला म्हणून सांगत आणि गुलबर्ग्याच्या यजमानाला गुलबर्ग्याची तूरडाळ. पोशानं मात्र ते वर्षभर मनात ठेवलं. तात्यांना समुद्राला नेणं जमणार नव्हतं, तेव्हा त्यानं समुद्रच आणला.

लोखंडी चौकटीची काचेची पेटी, आठ डबे खारं पाणी, किनाऱ्याच्या खडपातून काढलेले चार भोकाभोकांचे धोंडे, काळ्या पट्ट्यांचे पाच मासे आणि मोटारीच्या चाकाची एक ट्यूब. ट्यूब सायकलच्या पंपानं भरून ठेवायची, तिला बारीक रबरी नळी लावायची, नळीचं तोंड चिमट्यानं आवळून पाण्यात सोडायचं. दिवसभर बुडबुडे निघत राहतात, मासे जगतात. पाणी आटलं की खुणेपर्यंत विहिरीचं गोडं पाणी घालायचं. "मीठ नाय घालायचा," पोशानं बजावलं. "मीठ उडून जात नाय. पाणीच जातं."

हे सगळं तो तात्यांना सांगत होता आणि तात्या मान डोलावत होते, पण लक्ष देऊन ऐकत होती ती एकटी शारदा. ती तात्यांची सून. मुलींच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. नवरा राघवेंद्र भूमच्या तहसील कचेरीत कारकून, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा, त्यामुळं घरातली जी कामं पुरुषाची म्हणून कुणी करत नव्हतं आणि बाईची म्हणून कुणी सांगत नव्हतं, ती तिच्याकडं येऊन पडत. समुद्रही तसाच येऊन पडला.

पेटी बैठकीत, यजमान बसायच्या सतरंजीशेजारच्या कट्ट्यावर ठेवली गेली. पहिला महिनाभर तात्यांनी चैन केली. कर्नाटकातून आलेल्या मंडळींना ते समुद्रमंथनाची कथा सांगत आणि योग्य जागी पेटीकडं हात करत. मंडळी काचेला हात लावून तो हात डोळ्यांना लावत. काचेवर इतके हात लागत की दुपारी शारदाला आतले मासे दिसण्यासाठी आधी ओल्या फडक्यानं भक्तिभाव पुसून काढावा लागे.

मासे काय खातात, हा एक प्रश्न होता. पोशानं सुकवलेल्या झिंग्यांची भुकटी एका तंबाखूच्या डबीत दिली होती. उपाध्यांच्या सोवळ्या घरात ही डबी कुठं ठेवायची? शारदानं ती कुणाचा हात जाणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे मागच्या न्हाणीच्या कोनाड्यात, ठेवली. चार दिवसांनी तात्या म्हणाले, "हे नवीन दंतमंजन कुणी आणलं? जरा वास येतो, पण दात लई स्वच्छ निघतात." शारदानं डबी तिथून हलवली आणि हे तिच्यापाशीच राहिलं.

*

दिवाळीनंतर एका सकाळी शांताक्का काचेला नाक लावून उभ्या होत्या. शांताक्का म्हणजे तात्यांची थोरली विधवा बहीण. आळंदहून आलेल्या, बोलण्यात अजून अधूनमधून कानडी यायचं आणि तोंडाला आडपडदा नव्हता.

"शारदा, समुद्रात किडे पडलेत गं."

शारदानं बघितलं. काचेवर मसुरीच्या डाळीएवढे पांढरे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला बारीक बारीक कोपरे होते. तारेच होते ते. बघता बघता एक तारा काचेवरून दोन बोटं पुढं सरकला. हे पोशानं दिलेल्या यादीत नव्हते. तिनं कणकेची गोळी टाकली, माशांनी ती फोडली, एक तुकडा तळाला गेला आणि धोंड्याच्या एका भोकातून गुलाबी, दोन्ही अंगांना केसांची झालर असलेला, बोटभर लांब किडा निघाला. त्यानं तो तुकडा उचलला आणि जसा आला तसा मागं मागं आत गेला.

"हा भाडं देतो का?" शांताक्कांनी विचारलं.

तात्यांना दाखवल्यावर त्यांची मुद्रा बदलली. मासा घरात ठेवणं त्यांनी शास्त्रात बसवलं होतं. मत्स्य हा पहिला अवतार, तेव्हा पेटीतले पाचही मासे अवतारकोटीतले. "उद्या कासव आलं तरी माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण किडा कुठल्या अवतारात बसतो, सांगा. दहा अवतार मला पाठ आहेत."

"डुक्कर बसतं, मग किडा बसायला काय झालं?" शांताक्का म्हणाल्या.

"अक्का, वराह म्हणायचं असतं."

"घाण खातं ते डुक्कर आणि घाण खातो तो हा. ह्यालाच बिचाऱ्याला संस्कृत नाव नाही म्हणून."

तात्यांनी हुकूम सोडला, यादीबाहेरचं जे जे आहे ते आठ दिवसांत बाहेर. हुकूम नेहमीप्रमाणं घरभर फिरून शारदापाशी आला.

शारदानं शाळेतून आल्यावर केसातला आकडा घेऊन ताऱ्यांवर हल्ला सुरू केला. रोज वीस-पंचवीस काढायची. एकदा आकड्यानं एक तारा मधोमध तुटला आणि अर्धा पाण्यातच पडला. काही दिवसांनी तिनं बघितलं, तर दोन कोपरे मोठे आणि दोन नव्यानं फुटलेले, असा एक तारा काचेवर निवांत फिरत होता. म्हणजे आपण इतके दिवस काढत नव्हतो, पेरत होतो, हे तिच्या लक्षात आलं. किडा तर हातालाच लागला नाही. तिचा आकडा आत गेला की तो दुसऱ्या भोकातून निघून बघत बसे.

मग सिद्धेश्वरभट आले. ते शेजारच्या आळीतले, पंचांग बघत, लग्नं जमवत आणि कुणी न विचारता सल्ला देत. "गोगलगायीवर मीठ टाकलं की काय होतं?" त्यांनी विचारलं.

"मरते," तात्या म्हणाले.

"मग?"

शारदा स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत सिद्धेश्वरभटांनी खडेमिठाची मूठ पेटीवर धरली होती.

"काका, थांबा जरा," ती म्हणाली. "ते मिठातच जन्मलेत. त्यांच्यावर मीठ टाकणं म्हणजे तुमच्यावर तुळजापूर टाकल्यासारखं आहे."

सिद्धेश्वरभटांनी मूठ मागं घेतली, पण मनात ठेवलं. सुनेनं, त्यातून पगार घेणाऱ्या सुनेनं, आपल्याला शहाणपण शिकवावं हे त्यांना रुचलं नाही.

शारदानं वेसाव्याला पत्र टाकलं. पंधरवड्यानं पोशाच्या मुलाचं उत्तर आलं, अक्षर मोठं आणि शब्द थोडे. 'वैनी, दगड घेतला की दगडातली बिऱ्हाडं बरोबर येतात. ती कुणाला चावत नाहीत. माशांचं उष्टं खातात, घाण खातात. ती आहेत म्हणून पाण्याला वास मारत नाही. काढू नका. काढून संपतही नाहीत.'

तिनं ते तात्यांना वाचून दाखवलं. तात्या चिडले. "ही कुठली रीत? मी बोलावलं नाही, मला विचारलं नाही. आले ते आले, वर माझ्याच घरात राहायचं, खायचं आणि काढू नका म्हणायचं?"

शांताक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी पण तशीच आलेय की तात्या. रझाकारांच्या दंग्यात. पंधरा दिवसांसाठी म्हणून आले. तेरा वर्षं झाली."

शांताक्कांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. तात्यांनी पत्र घेतलं, उगाच उलटं सुलटं केलं आणि खुंटीच्या तारेत खोचून ठेवलं. नंतर ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "घाण साफ करत असतील तर राहू द्या." त्या दिवसापासून किडे काढायचा विषय घरात निघाला नाही.

*

आवाज सुरू झाला तो पौष महिन्यात. भर दुपारी बैठकीत 'टक्' झालं. कोरडी काटकी मोडावी तसं. शारदाला वाटलं, काच तडकली. ती धावत आली. काच शाबूत होती. पुन्हा 'टक्'.

"पाल," शांताक्का म्हणाल्या.

तात्यांनी फळी काढली, फोटो उतरवले, कोनाडे झाडले. एक जुनी, लठ्ठ पाल सापडली, तिला सुपात धरून गल्लीच्या टोकाला सोडून आले. ते चप्पल काढत असतानाच बैठकीतून 'टक्' असा आवाज आला.

छडा लावला तो चंद्रप्रभेनं. ही तात्यांची धाकटी लेक, शारदाची नणंद. मॅट्रिकला इंग्रजीत गेलेली, घरात बसून कंटाळलेली. ती दोन दिवस गुडघ्यावर पाट घेऊन पेटीसमोर बसली आणि तिसऱ्या दिवशी शारदाला हात धरून घेऊन गेली.

"वहिनी, तो डावा धोंडा. खालचं भोक. बघत राहा."

तिनं पोह्याचा एक कण पाण्यात सोडला. तो भोकापाशी पोचला तशी आतून एक झिंगा डोकावला. करंगळीच्या पेराएवढा. त्याचा एक पंजा नावापुरता होता आणि दुसरा अंगाच्या मानानं भलताच मोठा, कुणाचा तरी मागून आणल्यासारखा. त्यानं मोठा पंजा उघडला आणि मिटला. टक्. पोह्याचा कण आत गेला.

"एवढासा जीव," शारदा म्हणाली.

"कण टाकला की बोलतो. जवळून मासा गेला तरी बोलतो. त्याला आपली जागा कुणाला द्यायची नाही."

यजमानांसमोर आता पंचाईत झाली. तात्या संकल्प सांगत असताना मध्येच 'टक्' व्हायचं आणि मंडळी दचकायची. पण तात्यांनी तीस वर्षं लोकांसमोर बसून काढली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "सागराचा होकार आला." मंडळींनी काचेला हात लावले. आठवड्याभरात गावात बोलबाला झाला की तात्या उपाध्यांच्या समुद्राला विचारलं तर तो हुंकार देतो. लोक आपले प्रश्न घेऊन यायला लागले. यादीबाहेरचा म्हणून ज्याला हाकलायचं ठरलं होतं, त्याच्यासाठी आता तात्या रोज सकाळी स्वतः पोहे भिजवायचे.

सिद्धेश्वरभटांना हे बघवेना. मुठीतलं मीठ ते विसरले नव्हते. त्यांनी आपल्या आळीत सांगायला सुरुवात केली, "होकार कशाचा? माणूस खोटं बोलला की टक् करतं ते. मी स्वतः पडताळा घेतलाय." त्यामुळं अर्धं गाव 'टक्' म्हणजे खरं मानायला लागलं आणि अर्धं गाव खोटं. तुळजापुरात अशानं कुणाचं अडत नाही.

*

फाल्गुनात चंद्रप्रभेला बघायला परंड्याहून मंडळी आली. मुलाचे वडील गुंडेराव, मुलगा नरहर आणि मध्यस्थ अर्थातच सिद्धेश्वरभट. ते एसटीच्या थांब्यावरून मंडळींना घेऊन आले आणि येताना, गावातलं नवल सांगायचं म्हणून, त्यांनी समुद्राची हकिगत सांगितली. आपली आवृत्ती सांगितली. हे त्यांनी तात्यांची खोड काढायला केलं की नुसतं बोलण्याच्या भरात, ते त्यांनाच ठाऊक. तात्यांना याची काहीच कल्पना नव्हती.

मंडळी सतरंजीवर बसली. गुंडेराव पेटीपासून जरा लांब, पण नजर तिकडंच. शांताक्का दारात. शारदा पोह्यांच्या बशा देत होती आणि चंद्रप्रभा मान खाली घालून, रीतीप्रमाणं, बसली होती. बसायला तिनं जागा निवडली होती ती पेटीच्या अगदी कोपऱ्याशी, हातात स्वतःची बशी घेऊन.

"मुलाचं शिक्षण?" तात्यांनी विचारलं.

"मॅट्रिक. पहिल्या वर्गात," गुंडेराव म्हणाले.

टक्.

तात्यांनी प्रसन्न चेहऱ्यानं हात जोडले. "बघा. सागराचा होकार आला."

गुंडेरावांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा सिद्धेश्वरभटांकडं. "म्हणजे पहिल्या वर्गात तसं नाही. दुसऱ्या प्रयत्नात पास."

टक्.

"तिसऱ्या," गुंडेराव म्हणाले.

तात्यांचे हात हळूहळू खाली आले. आपण काही न विचारता समोरचा माणूस का कबूल होतोय, हे त्यांना उमगेना. तरी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "शेती?"

"पन्नास एकर."

या वेळी काहीच आवाज आला नाही. सगळे थांबले. बुडबुडे निघत होते. गुंडेरावांना ती शांतता आवाजापेक्षा जड गेली असावी. "त्यात भावांचे वाटे आहेत," ते आपणहोऊन म्हणाले. "आमच्या वाटणीला बारा. त्यातली चार मुरमाड."

टक्.

"पाच मुरमाड."

दारातून शांताक्कांच्या हसण्याचा आवाज आला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. गुंडेराव आता चिडले. चिडणारच. "आमचं तर सगळं पोतं मोकळं झालं," ते म्हणाले. "आता उपाध्ये, तुमचं होऊ द्या. मुलीचं वय काय?"

तात्यांच्या मनात आता उजेड पडत होता. त्यांनी सिद्धेश्वरभटांकडं बघितलं, तेव्हा भटजी छताच्या तुळया मोजत होते. पण माघार घेता येत नव्हती. पेटीवर ज्यांनी इतके महिने लोकांना हात लावायला लावला, त्यांनी आता हा नुसता झिंगा आहे म्हणून कसं सांगायचं?

"एकोणीस," तात्या म्हणाले.

टक्.

"सरत्या श्रावणात वीस." तात्यांनी क्षणभर वाट पाहिली. "वीस नाही. बावीस."

"स्वभाव?"

"अबोल आहे. फार अबोल. घरात आहे हे कळतसुद्धा नाही."

टक्. टक्.

या वेळी शांताक्कांना पदर पुरला नाही. शारदाचंही धैर्य संपलं, तिनं बशी खाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं. तात्या मान खाली घालून बसले. दोन्ही बापांकडं आता लपवायला म्हणून काही राहिलं नव्हतं आणि बैठकीत कुणी कुणाकडं बघेना.

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला नरहर उठला आणि पेटीसमोर जाऊन उकिडवा बसला. त्याच्या हाताच्या नखांत काळं तेल होतं, घासूनही न गेलेलं.

"मी एसटीच्या डेपोत साहेब नाही," तो काचेकडं बघत म्हणाला. "साहेब आहे असं वडील पुढं सांगणार होते, म्हणून आधीच सांगतो. मी मेकॅनिक आहे. मला ते काम आवडतं." मग त्यानं नळी बोटानं चाचपली. "हवेला चाकाची ट्यूब लावलीय होय? ही कल्पना कुणाची? आणि पाण्याखाली एवढा मोठा आवाज कसा निघतो? पिस्टनसारखं काही आहे का आत?"

हे त्यानं नेमकं कुणाला विचारलं ते ठरलेलं नव्हतं. पण उत्तर आलं.

"पंजा आहे," चंद्रप्रभा म्हणाली. "डावा मोठा आहे. एक बोट स्थिर आणि एक हलतं. हलतं बोट आधी उघडून ताणून धरतो आणि मग एकदम सोडतो. नुसता आवाज करत नाही, पाण्याचा फटका मारतो. परवा एका माशाला लांबूनच मारला, मासा कलंडला. तुम्ही तिथून बघू नका, तिथून काच चकाकते. इकडून बघा."

नरहर सरकला आणि इकडून बघायला लागला. दोघं एकाच भोकाकडं डोळे लावून बसली. ती त्याला किडा दाखवत होती, तारे दाखवत होती, कुठला तारा तुटून पुन्हा वाढला ते सांगत होती. एका दमात, कुणाची परवानगी न घेता. अबोल मुलीचं हे व्याख्यान अर्धा तास चाललं आणि गुंडेराव तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"बोलते," ते तात्यांना म्हणाले.

"बोलते," तात्यांनी कबूल केलं. "थांबवलं तर ऐकते असंही नाही."

"हा पण घरात एवढं बोलत नाही कधी," गुंडेराव म्हणाले. त्यांनी बशीतले उरलेले पोहे संपवले, पाणी प्यायले आणि जरा विचार करून पुढं म्हणाले, "सात चांगल्या आहेत तशा. मुरमाड पाच सोडून. सुधारित बियाण्याची ज्वारी घेणार आहे म्हणतो मी, येत्या वर्षी."

"घ्या की," तात्या म्हणाले. आणि दोघं शेतीचं बोलायला लागले, त्यात खोटं बोलण्यासारखं कुणाला काही सुचलं नाही.

मंडळी गेल्यावर शारदानं बशा गोळा केल्या. चंद्रप्रभेच्या बशीत पोहे उरले नव्हते आणि सतरंजीच्या त्या कोपऱ्यावर, पेटीच्या काठाखाली, चार-सहा कण सांडलेले होते.

"चंदा, हे काय?"

चंद्रप्रभेनं आधी इकडंतिकडं बघितलं. "मला हे स्थळ नको होतं, वहिनी. सिद्धेश्वरकाका रस्त्यानं काय सांगत येणार हे मला ठाऊक होतं. म्हणून पहिले दोन-तीन कण मी टाकले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचं त्याचं तो बोलला. आणि मग... ते पंजाचं त्यांनी विचारलं ना. मला कुणी असं काही विचारत नाही."

शारदानं ओल्या फडक्यानं कोपरा पुसून घेतला. तिला हसू येत होतं आणि थोडं वाईटही वाटत होतं, कारण तिलाही लग्नात कुणी काही विचारलं नव्हतं.

*

लग्न ज्येष्ठात झालं. त्याआधी वैशाखात ऊन असं पडलं की पेटीवर ओली पोती टाकूनही पाणी कोमट व्हायचं. आठवड्याभरात पाचही मासे गेले. तात्यांना खरंच दुःख झालं. त्यांनी मासे केळीच्या पानात गुंडाळून परसात पुरले आणि त्या दिवशी जेवताना फार बोलले नाहीत. पेटी रिकामी करावी असं शारदा म्हणाली, तेव्हा शांताक्का म्हणाल्या, "रिकामी कुठाय? बोलावलेले गेले. न बोलावलेले आहेत की."

ते होते. तारे होते, किडा होता आणि त्याला कुठून तरी दुसराही मिळाला होता. झिंगा तर ऐन उन्हाळ्यात जास्तच बोलायचा. मासे गेल्यावर त्याला राग धरायला कुणी उरलं नव्हतं, तरी बोलायचा.

कोजागिरीनंतर पोशा आला. मासे गेल्याचं ऐकून त्याला लाज वाटली, जणू त्यानंच मारले. "पुढच्या वर्साला दुसरे आणतो, तात्या. बरे बघून आणतो."

"नको," तात्या म्हणाले. "मासे नकोत. आहेत त्यांचंच बघता बघता दिवस जातो." आणि त्यांनी पोशाला हाताला धरून पेटीपाशी नेलं. बैठकीत बिदरची पाच-सहा माणसं बसली होती. तात्यांनी घसा खाकरला आणि डाव्या धोंड्याखालच्या भोकाकडं बोट करून, जसं एखाद्या मोठ्या माणसाची ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "हे. यांच्यामुळं आमच्या चंद्रप्रभेचं लग्न जमलं. नाखवा, तुमच्याकडं यांना काय म्हणतात?"

पोशा वाकला. झिंगा बाहेर आला, त्यानं पंजा मिटला. टक्. बिदरच्या मंडळींनी हात जोडले.

"ह्यो?" पोशा म्हणाला. "ह्यो चटक्या. ह्याला आमी गळाला लावतो. तांब मासळी काय धरते तात्या ह्याच्यावर!"

तात्यांनी बिदरच्या मंडळींकडं बघितलं. त्यांना पोशाची भाषा नीट कळली नव्हती, ती अजून हात जोडून होती.

"काय म्हणाले ते?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

शारदा दारात उभी होती, तिच्याकडं तात्यांची नजर गेली आणि ती त्यांनी पटकन काढून घेतली.

"म्हणाले, तिकडं समुद्रावर यांचा फार उपयोग होतो," तात्या म्हणाले आणि संकल्प सांगायला बसले.